तिसऱ्या ओळीतली बाई

"ओलं आहे, हात नको!"

दारात कुणाचंही पाऊल वाजलं की बाई मागे वळून न बघता एवढं म्हणायच्या. मग तो पोस्टमन असो, मांजर असो, नाहीतर चहाचा कप घेऊन आलेला मी असो. मुरुडच्या आमच्या लॉजवर, वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत त्या दीड वर्ष राहिल्या. त्या दीड वर्षात तिथलं काहीही कधी पुरतं वाळलं नाही. त्यांचे तैलरंग आणि आमची हवा. जिथे बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तिथे रंगाची काय कथा!

तरी मी एकदा ते वाळवायला गेलोच.

बाई दोन दिवस अलिबागला डॉक्टरांकडे गेल्या होत्या. जाताना तोंड पाडून म्हणाल्या, "भाऊ, गॅलरीवाला शनिवारी मुंबईहून चित्रं बघायला येतोय, आणि ही दोन अजून ओलीच." आता आम्ही समुद्राकाठची माणसं. ओली वस्तू म्हटली की आम्हाला एकच जागा सुचते. मी दोन्ही कॅनव्हास डोक्यावर धरून कोळीवाड्यात नेले आणि हिराबाईच्या हवाली केले. हिराबाई आमच्या खानावळीला मासळी देते. तिच्या हातचं सुकं म्हणजे खात्रीचं.

तिने चित्राकडे बघितलं. गुलाबी झालरीचा घागरा घातलेली एक पोरगी एका पायाच्या बोटांवर उभी.

"ही काय करतेय वो?"

"नाचतेय."

"एका पायावं? दुसऱ्याला काय झालंय?"

"तो नाचच तसा असतो. बॅले म्हणतात."

"असंल बाबा. उनात ठेवू का सावलीत?"

"बोंबील कुठे ठेवतेस?"

"उनात."

"मग उनातच."

दुपारी वारा सुटला. शेजारच्या जाळ्यावर पसरलेली मांदेली उडाली आणि त्यातली तीन थेट त्या पोरीच्या घागऱ्याला जाऊन चिकटली. हिराबाईने ती हलक्या हाताने सोडवली, पण खवले घागऱ्यावरच राहिले. दोन दिवसांनी बाई परत आल्या. मी माफीची चार वाक्यं पाठ करून जिन्यात उभा होतो. त्यांनी चित्र खिडकीशी नेलं, तिरकं धरलं, नाक जवळ नेऊन वास घेतला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "आता कुठे ही क्युबाची वाटायला लागली."

क्युबात मांदेली मिळतात का, हा प्रश्न मी गिळला. पुढे मुंबईच्या प्रदर्शनात सगळ्यात आधी ते चित्र गेलं. घेणाऱ्या गृहस्थांनी 'घागऱ्यावरच्या चंदेरी कामाचं' फार कौतुक केलं म्हणतात. हिराबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग पुढल्या खेपेला पापलेट लावू."

तर क्युबा. बाईंचं वय साठीच्या अलीकडे, केस आखूड, अंगात पुरुषी सदरा, बोलणं तुमच्याआमच्यासारखं शुद्ध मराठी, आणि आई क्युबाची. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी "वा वा" म्हणालो आणि खाली येऊन मुलीच्या जुन्या नकाशाच्या पुस्तकात क्युबा शोधला. तो आफ्रिकेत सापडेना.

बाईंचे वडील आमच्या मुरुडचेच. आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत त्यांचं घर होतं. आता तिथे पोहण्याचा तलाव असलेलं हॉटेल आहे आणि समोर समुद्र असताना लोक त्या तलावात पोहतात. वडील जहाजावर फिटर होते. साखर भरायला गेलेलं जहाज इंजिन बिघडून हवाना बंदरात चार महिने अडकलं. एवढ्या मुदतीत इंजिन दुरुस्त झालं नाही, पण लग्न झालं. आई तिकडे एका मोठ्या बॅले मंडळीत नाचायची.

"मुख्य नर्तिका?" मी विचारलं होतं.

"तिसऱ्या ओळीत," बाई म्हणाल्या. "डावीकडून चौथी. पहिल्या ओळीतल्या बाईचे फोटो असतात, भाऊ. तिसऱ्या ओळीतल्या बाईचं डोकंसुद्धा फोटोत पुरतं येत नाही."

लग्नानंतर आई आधी मुरुडला आली. संध्याकाळी तिला किनाऱ्यावर नेलं. माड, वाळू, पाण्यावरचा तो तांबूस उजेड बघून ती नवऱ्याला म्हणाली, "घरी आले." मग मागे वळली, तर सासू उभी. पुढचं आयुष्य माझगावच्या दोन खोल्यांत गेलं. भाकऱ्या शिकली, मराठी शिकली, तीन मुलं झाली. नाचली मात्र पुन्हा कधीच नाही. नाचाचे बूट तेवढे पिठाच्या जुन्या डब्यात जपून ठेवले होते. तो डबा आता बाईंच्या खोलीत खिडकीखाली असायचा.

गंमत अशी, की बाईंनी स्वतः क्युबा कधी पाहिला नव्हता. एकदा पासपोर्ट काढला होता, त्याचीही मुदत संपली. गॅलरीवाल्याच्या छापील पत्रकात मात्र 'मातृभूमीच्या शोधात', 'वारसा आणि स्त्रीत्व' असं पुष्कळ काही असायचं. आणि ही सगळी मातृभूमी त्या आमच्या वरच्या मजल्यावरून, नारळाच्या झावळ्या बाजूला सारून रंगवायच्या. हवानाच्या धक्क्याचं एक चित्र होतं, त्यात मला आमच्या जेट्टीवरचा तुटका दिवा स्पष्ट ओळखू आला. मी तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "बघा म्हणजे, तिकडचाही तुटलाच असणार."

गावात अर्थात वेगळीच बातमी पसरली होती. वरच्या खोलीत बायकांची उघडीवाघडी चित्रं काढतात म्हणे. चार प्रतिष्ठित मंडळी 'सहज' म्हणून चौकशीला आली. मी त्यांना वर नेलं. "ओलं आहे, हात नको!" झालं. मंडळींनी अकराच्या अकरा चित्रं फार बारकाईने तपासली. गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत कापडच कापड. उघडे म्हणाल तर काही चित्रांतले पाय, तेही सुजलेले, बोटांना पट्ट्या बांधलेले, नखं काळीनिळी पडलेले. मंडळींची निराशा लपेना.

"चेहरे छान आलेत," एकजण जाता जाता म्हणाले.

"पाय बघा आधी," बाई म्हणाल्या. हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. "वर परी, खाली हमाल. लोक तिकीट काढतात ते परीसाठी, आणि सगळं वजन उचलतो हमाल."

मंडळी खाली आली आणि आमच्याकडे सुरमई खाऊन गेली. ती तळली कुणी, वाढली कुणी, हे त्यांनी बघितलं नाही. मीही तेव्हा बघितलं नव्हतं, म्हणून त्यांना नावं ठेवत नाही.

अकरा चित्रं झाली होती. बारावं होत नव्हतं. बारावं म्हणजे आई.

बाईंच्या डोक्यात आईचं एकच चित्र होतं. त्या सहा वर्षांच्या असताना माझगावच्या स्वयंपाकघरात आईने वरच्या फळीवरचा डबा काढायला टाचा उचलल्या. डबा हातात आला. तरी ती खाली उतरली नाही. तशीच चवड्यांवर उभी राहिली, मान ताठ, पाठ सरळ. कुकरची शिट्टी झाली तेव्हा उतरली. "तेवढ्या वेळात ती आमची कुणाची नव्हती," बाई म्हणाल्या. "ते मला काढायचंय."

दर आठवड्याला त्या ते काढायच्या आणि शनिवारी बोथट सुरीने खरवडून टाकायच्या. वर्तमानपत्रावर रंगाच्या गुंडाळ्या पडायच्या. गॅलरीवाला म्हणाला, अकरा पुरेत. बाई म्हणाल्या, "अकरा मी पुस्तकांत बघून काढली. आई कुठल्या पुस्तकात बघू?"

त्यात उजवा हात थरथरायला लागलेला. अलिबागच्या खेपा त्यासाठीच होत्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्टच सांगितलं, की थरथर वाढत जाणार. चहाचा कप त्या दोन्ही हातांनी धरायच्या आणि वर मलाच म्हणायच्या, "भाऊ, कप इतका का भरता?" दिवाळीनंतर प्रदर्शन. हात तोवर टिकला तर आई होणार होती. नाहीतर कधीच नाही.

समोर कुणीतरी उभं राहायला हवं होतं. हिराबाईला विचारलं. ती टोपली खाली ठेवून म्हणाली, "बोटांवं उभी ऱ्हाते, पन मासली कोन विकंल? तुमी?" मग मीच पुढे झालो. कलेसाठी. वय चौपन्न, उंची सहा फूट, पोट वेगळं. चवड्यांवर उभा राहिलो, हात वर केला, चेहऱ्यावर क्युबा आणला. बाईंनी पेन्सिल उचलली मात्र, मी टर्पेंटाइनच्या डब्यात. त्यानंतर दोन दिवस आमच्या खोलीत कुणी काडी ओढू देईना. बायको म्हणाली, "तुमच्यात परीही नाही आणि हमालही नाही."

आता त्या दिवसाबद्दल. बाई हात शेकायला गरम पाणी मागायला म्हणून स्वयंपाकघरात आल्या होत्या. मी त्यांना पातेलं देत होतो. शैला, म्हणजे माझी बायको, ओट्याशी होती. तिला सुकटीचा डबा हवा होता. तिने टाचा उचलल्या, हात वर नेला, डबा पकडला. एवढंच.

बाईंनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की पाणी माझ्याच पायावर सांडलं.

"बघितलंत?"

"पाणी ना? हो, बघितलं."

"डबा हातात आलाय. तरी त्या उतरल्या नाहीत."

मी मागे बघेपर्यंत शैला उतरलेलीही होती. मी बाईंना कारागिराच्या अभिमानाने समजावलं. "त्याचं काय आहे, फळी जरा वर झालीय. लग्नानंतर मीच ठोकली. माप घ्यायला टेप नव्हती, म्हणून माझ्याच हाताने घेतलं. पण सत्तावीस वर्षांत एक खिळा हलला नाही."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मला आमच्या जेट्टीवरचा तो तुटका दिवा आठवला. मग त्या शैलाकडे वळल्या. "उभ्या राहाल का माझ्यासाठी? रोज थोडा वेळ. इथेच, अशाच."

"राहील की!" मी म्हणालो. "न राहायला काय झालं? तिला सवयच आहे."

"भाऊ, मी त्यांना विचारतेय."

शैलाने पदराला हात पुसले. खरं सांगतो, मला वाटलं ती लाजून नाही म्हणेल. ती म्हणाली, "तीन ते चार. जेवणाऱ्यांची पानं उठल्यावर. आणि ह्यांना बाहेर बसवायचं."

मला बाहेर बसवलं. आठ दुपारी मी गल्ल्याशी बसून माझा चहा मीच करून प्यायलो आणि तो कसा होतो ते मला कळलं. आतून आवाज यायचे. कधी बराच वेळ काहीच नाही. कधी हसणं. एकदा बाई विचारताना ऐकलं, "आज किती?" शैला म्हणाली, "तीन. एक हिराबाईच्या नवऱ्याची." मला वाटलं, बरण्यांचा हिशेब चाललाय. हिराबाईच्या नवऱ्याची बरणी आमच्याकडे कशी, या विचारात मी चहा उतू घातला.

त्या दिवसांत बाई उजवं मनगट डाव्या हाताने धरून रंगवायच्या. कुंचला कॅनव्हासला टेकेपर्यंत थरथरायचा, टेकला की शांत. शैलाने हे मला सांगितलं. ती म्हणाली, "जिवावर येतं बघायला. म्हणून मी खाली उतरतच नाही. पोटऱ्या दुखल्या तरी."

आठव्या दिवशी आतून शैलाची हाक आली. चित्र ओट्याला टेकवून ठेवलं होतं. फळी नव्हती, डबा नव्हता, ओटा नव्हता. पांढऱ्या साध्या कपड्यातली एक बाई, पायांत ते पिठाच्या डब्यातले बूट, हात वर. चेहरा शैलाचा नव्हता. पण टाचेवरच्या भेगा मी कुठेही ओळखल्या असत्या. बूट असूनही त्या कशा दिसत होत्या, ते मला अजून सांगता येत नाही.

शैला चित्राजवळ गेली. बोट पुढे केलं. मी वाट बघत होतो, पण बाई काही बोलल्या नाहीत. शैलाने त्या टाचेवर बोट टेकवलं, अगदी हलकं, आणि बोटाला लागलेला रंग बघितला. टाचेवर ठसा राहिला. बाईंनी तो पुसला नाही.

मग मी पुढे झालो.

"ओलं आहे, हात नको!"

प्रदर्शनाला आम्ही दोघं मुंबईला गेलो. शैलाने ठेवणीतली साडी नेसली होती. बाराव्या चित्रासमोर घोळका होता. गळ्यात लोकरीचा पंचा गुंडाळलेले एक जाणकार, मुंबईच्या त्या उकाड्यात, सगळ्यांना समजावत होते, की हा वर गेलेला हात म्हणजे हरवलेल्या मातृभूमीकडे झेपावणारी स्त्री. "हा रिकामा हात काय मागतोय? काय मागतोय?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

"सुकट," शैला पुटपुटली.

पलीकडे बाई उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. इतक्या हसल्या की दोघांनी त्यांना खुर्ची आणून दिली.

मीही थोडी समीक्षा केली. शैलाच्या कानात म्हणालो, "बाई एवढ्या मोठ्या, पण चुकल्यात. हात वर आहे आणि नजर बघ कुठे. डबा एकीकडे, डोळे भलतीकडे." खरंच, चित्रातली बाई हाताकडे बघतच नव्हती. ती सरळ समोर, लांब कुठेतरी बघत होती.

ते चित्र बाईंनी विकलं नाही. प्रदर्शनानंतर त्या पुण्याला भावाकडे गेल्या. हात अगदीच निकामी झाला होता. कधीमधी फोन करायच्या. माझी चौकशी एका वाक्यात आणि शैलाशी अर्धा तास. वरच्या खोलीत आता पर्यटक उतरतात. फरशीवर गुलाबी डाग आहेत, ते कशाचे म्हणून विचारतात. मी सांगतो, क्युबाचे.

गेल्या माघात त्यांच्या भावाचा फोन आला. बाई गेल्या. पलंगासमोर ते चित्र होतं, एवढं त्यांनी आवर्जून सांगितलं.

शैला त्या दिवशी एकदाच रडली आणि नंतर ठरल्याप्रमाणे दोन दिवसांसाठी बोर्ली पंचतनला बहिणीकडे गेली. मी एकटा स्वयंपाकघरात फळीकडे बघत बसलो. इतकी वर्षं. दिवसातून किती वेळा, याचा अंदाज करायला गेलो आणि सोडून दिला. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी हातोडी शोधली. फळी उपटली. एक खिळा निघेना, त्याने भिंतीचा पोपडा काढला. फळी चांगली दोन वीत खाली घेऊन पुन्हा ठोकली, या वेळी टेपने मोजून. डबे पुसून ओळीने लावले. शैला आली की काय म्हणेल, याचे संवाद मी मनात रचले. त्यातले बहुतेक माझ्या कौतुकाचे होते.

ती आली. पिशवी खाली ठेवली. फळीकडे बघितलं. टाच न उचलता सुकटीचा डबा काढला, पुन्हा ठेवला.

"कशी झालीय?" मी विचारलं.

"आता होड्या कुठून दिसणार?"

"कुठल्या होड्या?"

तिने हनुवटीने दाखवलं. तिथे भिंतीत हवेसाठी ठेवलेली सिमेंटची वीतभर जाळी आहे. फळी वर होती तेव्हा जाळी तिच्याखाली मोकळी होती. आता माझ्या ओळीने लावलेल्या डब्यांनी ती नेमकी झाकली होती. मी सुकटीचा डबा सरकवला. माझ्या उंचीला जाळी हनुवटीखाली येते, त्यामुळे इतक्या वर्षांत मी कधी वाकून बघितलंच नव्हतं. वाकलो. माडांच्या दोन खोडांमधून हातभर समुद्र, आणि त्यावर घराकडे वळलेल्या होड्या. तीन होत्या.

"टाचा उचलल्या की बरोब्बर डोळ्यांसमोर यायच्या," शैला म्हणाली.

"अगं, पण मी तुझ्यासाठीच केलं."

तिने पोपडा निघालेल्या जागेवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला चुना बघितला.

"बाईंनी मला उभं करायच्या आधी विचारलं होतं," ती म्हणाली.